तुळजाम्मांची पाहुणी
आमच्या रेवाला तुळजाम्मा जन्मापासून ‘पाहुणी’ म्हणत, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

वेलचेरीत आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्याच राहायच्या. तंजावरकडच्या मराठी, कित्येक पिढ्या इकडेच मुरलेल्या. मी कामावर गेले की रेवा त्यांच्यापाशी. जीव ओवाळून टाकायच्या तिच्यावर, पण नावानं हाक म्हणून मारायच्या नाहीत. एकदा मी फणकाऱ्यानं विचारलंच.

“अम्चे घरीं नाव कानांत सांगायाचं, मा. अम्मन येऊन गेल्यावांचून हाक मारायाची नाही. तंवर पाहुणी.”

अम्मन म्हणजे देवी, अंगावर फोड उठवणारी. गोवरसुद्धा तिचाच. तुळजाम्मांच्या आईची कितीतरी मुलं देवीनं नेली. पुढे तुळजाम्मांचा पहिला मुलगाही तसाच गेला. घरात त्याला सगळे ‘ते लेकरू’ एवढंच म्हणत.

“तुला एकच पुरे?” त्यांनी मला विचारलं होतं. “इतका धीर कोठून आणलास?”

मला धीर वगैरे कधी लागलाच नव्हता. लस आहे, डॉक्टर आहेत, मूल जगणार हे मी धरूनच चालले होते.

गोवराची लस टोचून घ्यायला त्याही आमच्याबरोबर आल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “आत्तां अम्मन यायाचीच नाही. मग ही जन्मभर पाहुणीच?” मला हसू यायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघून आलं नाही.

आठवडाभरानं रेवाला ताप भरला, छातीवर पुसट लाल पुरळ उठलं. कामावरून आले तर तुळजाम्मांच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा आणि म्हातारी आनंदात. माझं डोकंच फिरलं. पोर तापलीय आणि तुम्ही सण कसले साजरे करताय, असं फाडकन बोलले आणि रेवाला उचलून दवाखाना गाठला.

डॉक्टर नारायणस्वामींनी मला बसवलं, पाणी दिलं. लशीत गोवराचाच विषाणू असतो, दुबळा केलेला. क्वचित असा ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणाले.

मी ओशाळून तुळजाम्मांना सगळं सांगितलं.

“तेंच तर,” त्या म्हणाल्या. “अम्मन लहान होऊन आली.”

ताप उतरल्यावर त्यांनी हळद आणि कडुनिंब घातलेल्या कोमट पाण्यानं रेवाला न्हाऊ घातलं. देवीला निरोप देताना घालतात तसं. मी मुकाट्यानं टॉवेल धरून उभी होते. तिला पुसून मांडीवर घेतलं आणि त्या म्हणाल्या, “रेवा.” मग पुन्हा, “रेवा, रेवा.” माझे डोळे भरून आले.

“तुला मामा होता, रेवा,” त्या म्हणाल्या. “पद्मनाभ.”

“‘ते लेकरू’?” मी विचारलं.

“एकदांच सांगितलं होतं त्याला. कानांत.”

मग बाहेर खेळणाऱ्या मुलाला जेवायला बोलवावं तशी त्यांनी खणखणीत हाक मारली, “पद्मनाभा.”