माझ्या नोकरीचं गाऱ्हाणं

विद्यापीठाच्या अभ्यास-सहलीचा विषय होता ‘प्रादेशिक आर्थिक आणि वित्तीय विकास’. एवढं लांबलचक नाव घेऊन आम्ही मसुऱ्याजवळच्या एका वाडीत उतरलो, तेव्हा लोकांना वाटलं, बँकेची माणसं आली. बायकांनी चहा दिला, पण उत्पन्न विचारलं की आंब्याचं कसं यंदा काही खरं नाही, तेच ऐकवलं.

मी सावंतवाडीची, म्हणजे इथलीच. त्यामुळे सरांनी मला दुभाषी केलं, वर नमुना म्हणूनही वापरलं. कुठल्याही घरी गेलो की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, ही बघा तुमच्याच भागातली मुलगी, मुंबईत नोकरी ठरल्यात जमा आहे. ती नोकरी त्यांनीच ओळखीच्या कचेरीत शब्द टाकून मिळवली होती, आणि मला ती नको होती. घरी परतून वडिलांचा काजूचा कारखाना चालवायचा, हे माझं पक्कं होतं. फक्त सरांना सांगायचं राहत होतं. त्यांच्यापुढे उभी राहिले की तोंडातून भलतंच काहीतरी निघायचं, आणि रुजू व्हायचा दिवस तर तोंडावर आलेला.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो ते आजोबा वाडीतले मानकरी. त्यांनी आमच्या दोन-तीन प्रश्नांना उत्तरं दिली आणि मग माझीच उलटतपासणी सुरू केली. कोणाची, कुठल्या वाडीची, शिकून पुढे काय करणार. परक्या माणसाला सांगायला काय जातंय, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. ते नुसते मान हलवत होते. माणूस गंभीर दिसला, पोटात ठेवेल असं वाटलं.

निघायच्या दिवशी आजोबा आम्हाला देवळात घेऊन गेले. पाहुणे सुखरूप जावेत म्हणून गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे देवाशी मोघम बोलत नाहीत. कोणाचं काय अडलंय ते चारचौघांत मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. सरांना हा प्रकार भलताच आवडला. सुरुवातीच्या मागण्यांना तेच सगळ्यांच्या आधी ओरडत होते.

मग आजोबांनी आवाज चढवला.

“ह्या सावंतवाडीच्या चेडवाक मुंबैची नोकरी नको आसा. बापाशीचो काजूचो कारखानो चालवूचो आसा. पण सरांका सांगूची हिंमत होणा नाय. ती हिंमत तेका दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळी वाडी म्हणाली. माझे वर्गमित्रही म्हणाले. सर तेवढे गप्प.

त्यांना मालवणी कळत नाही ही माझी एकच आशा होती; पण मुंबई, नोकरी आणि काजू यांना दुभाषी कशाला लागतो? धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सर माझ्याकडे बघत होते. ते रागावले तर चालणार होतं, दुखावले तर मात्र मला फार वाईट वाटलं असतं.

शेवटी ते आजोबांकडे वळले.

“अजून एक घाला त्यात,” ते म्हणाले. “कारखान्यात बसायच्या आधी हिचा अहवाल पुरा होऊ दे.”

आजोबांनी डोळे न उघडता तेवढंही देवाच्या कानावर घातलं. या खेपेला सर्वांच्या आधी सर म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मी त्यांच्याहून मोठ्याने म्हणाले.