दोन्ही बाजूंचा फणस

खानापूरच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. घनवादी निसर्गचित्र मुलांना सांगायला सोपं असतं: एका जागी उभं राहायचं नाही, झाडाभोवती, घराभोवती फिरायचं आणि सगळीकडून जे दिसलं ते एकाच कागदावर सपाट तुकड्यांत मांडायचं. स्वतः करायला बसलो तेव्हा मात्र घाम फुटला.

विषय घेतला बेळगुंदीच्या आमच्या शेताचा. वाटणीत त्याचे दोन भाग झाले, एक वडिलांचा, एक काकांचा. मधल्या बांधावर फणसाचं जुनं झाड आहे. ते कुणाचं, यावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. वडील बांधापलीकडं पाऊल टाकत नाहीत. मला तर दोन्ही बाजू हव्या होत्या. चित्राच्या निमित्तानं हे दोघे बोलतील, अशी वेडी आशाही होती.

काकांनी पलीकडून खुशाल काढू दिलं, वर चहा पाजला. भाताची खाचरं, रताळ्यांचे वाफे, आभाळ, सगळं चित्रात एकमेकांत घुसलं. फणस दोनदा आला, पाठीला पाठ लावून.

वडिलांपुढं चित्र ठेवलं. थोडा वेळ बघत राहिले आणि भडकले.

“झाड एकच हाय की रं! दोन कशाला काढलीस?”

“एकच हाय, आप्पा. ह्ये आपल्या बाजूनं दिसतंय तसं, आन् ह्ये काकांच्या बाजूनं.”

“मग त्येच्या बाजूला बुडाशी काळं का फासलंस?”

“ढोली हाय ती. तिकडनं खोड पोखरलंय.”

त्यांनी चित्र जवळ ओढलं. आपल्या बाजूनं झाड हिरवंगार, म्हणून ते निर्धास्त होते.

“कवापास्नं?”

“लई दिवस झालं म्हणत होते काका.”

“मग सांगितलं न्हाय त्येनं?”

माझं डोकंच फिरलं. “कुणाला सांगतील? तुमी बोलताय कुठं?”

वडिलांनी त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला.

“लाव त्येला. माझ्याकडं नंबर न्हाय त्येचा.”