डावा पाय घरी ठेवून ये

ट्रक चालवण्यात माझा जन्म गेला, पण गाडीला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. क्लीनर घाटात नारळ फोडायला उतरायचा तेव्हा मी इंजिन चालू ठेवून त्याला शिव्या देत बसायचो. भुताच्या गोष्टी सांगणारे ड्रायव्हर मला भेटले ते सगळे प्यायलेलेच. तुम्ही लोक इथं ग्रुपवर जे अनुभव लिहिता ते नात वाचून दाखवते, त्यालाही मी हसत आलोय. आता माझी पाळी... हसा. शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. सांगण्यात नाहीत.

आणि हे घाबरवणारं काही नाही. मला भीती वाटली नाही, लाज वाटली. ती अजून जात नाही.

आम्ही नेरूळला राहतो, सारसोळे गावाला लागून असलेल्या एका जुन्या सोसायटीत. समोरच्या दारात इस्माईलभाई आणि रुकय्याभाभी. मूळचे श्रीवर्धनकडचे, वाशीला टाइल्सचं दुकान. शुगरमुळे इस्माईलचा डावा पाय घोट्यापासून काढावा लागला. मग त्यानं सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नसतो. गिअर गाडी स्वतःच बदलते, डाव्या पायाला कामच नाही.

संध्याकाळी तो मला शेजारी बसवून जेट्टीवर चहाला न्यायचा. मी त्याच्या गाडीची टिंगल करायचो... ही चालवायची गाडी नाही, बसायची गाडी आहे, म्हणायचो. तो मला नावानं नाही, ड्रायव्हर म्हणून हाक मारायचा. म्हणायचा, "ड्रायव्हर, डावा पाय घरी ठेवून ये, मग देतो चावी." आणि शेवटपर्यंत त्यानं मला ती चावी दिली नाही.

गेल्या वर्षी तो गेला. चाळिसावा दिवस झाल्यावर भाभी स्वतः चावी घेऊन आमच्या दारात आल्या. गाडी शिंदेभाऊंनाच द्यायची असं हे सांगून गेलेत, म्हणाल्या. त्यांची बहीण उलव्याला राहते, अधूनमधून तिकडं सोडा, एवढंच मागणं.

पहिल्याच खेपेला गाडीनं हिसके द्यायला सुरुवात केली. सरळ रस्त्यावर ठीक, पण जरा हळू केली, सिग्नल आला, वळण आलं, की धाडकन धक्का. परत ॲक्सिलरेटर दिला की परत धक्का. भाभी मागच्या सीटवर होत्या, त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, चष्म्याची काडी मोडली. मी गिअरबॉक्सला शिव्या घातल्या.

मग गॅरेजं सुरू झाली. एकानं गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदललं. दुसऱ्यानं इंजिनाचे माउंटिंग बदलले. तिसऱ्यानं कॉम्प्युटर लावला, त्यात काही दिसेना. मी सगळ्यांना सांगत होतो की गिअरबॉक्स गेलाय, इंजिनाच्या आवाजावरून मला रोग कळतो. माझं डोकं फिरलेलं. आणि एका रविवारी सकाळी, सोसायटीच्या कंपाउंडात, सेक्रेटरी होते, भाजीवाल्याभोवती बायका होत्या — मी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललो, "भंगारात घालायची गाडी माझ्या गळ्यात मारली. इस्माईलला माहीत असणार. जाता जाता दोस्तालाही चुना लावला."

भाभी तिथंच होत्या, मेथीची जुडी हातात. त्या एवढंच म्हणाल्या, "हे होते तेव्हा पाण्यासारखी चालायची, भाऊ." आणि जिना चढून गेल्या. त्या दिवसापासून उलव्याला रिक्षानं जायला लागल्या.

शेवटी तुर्भ्याच्या एका मेकॅनिककडं गेलो. घणसोलीचा आगरी माणूस, तोंडानं फटकळ. त्यानं गाडी स्वतः फिरवून आणली, एक हिसका नाही. मला चालवायला सांगितली, हिसकेच हिसके. तो हसायला लागला.

"काका, गिअरबॉक्स झकास हाय. ही तुमची लाथ हाय."

मला ड्रायव्हिंग शिकवतो का, म्हणून मी त्याच्या अंगावर गेलो. त्यानं वाद घातला नाही. मोबाईल पायापाशी टेकवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि एक चक्कर मारायला लावली. मग दाखवलं.

माझाच पाय, माझीच चप्पल. गाडी हळू झाली की डावा पाय उठतो, नसलेला क्लच शोधतो आणि ब्रेकच्या रुंद पट्टीवर आपटतो. उजवा ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर... गाडी बिचारी काय करणार. आणि मला पत्ता नाही. स्वतःचा पाय दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये बघून कळावं, असा मी ड्रायव्हर.

तिथून तडक भाभींच्या दारात जायला पाहिजे होतं. गेलो नाही. आधी पाय सुधारतो, मग बघू, असं मनाशी ठरवलं. पाय दुमडून सीटखाली घातला, तो बाहेर आला. पंच्यानं सीटला बांधला, गाठ सुटली. जन्मभराची सवय, ऐकेना.

मग ती दुपार. मी खाली उतरलो तर भाभी गेटपाशी उन्हात उभ्या. बहीण बाथरूममध्ये पडली होती. एकही रिक्षा उलव्याला यायला तयार नव्हती. मी गाडी काढली, मागचं दार उघडलं. त्यांनी बसल्याबरोबर पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली. ते हात मला आरशात दिसत होते.

मी चावी फिरवली आणि माझा डावा पाय गेला.

मुंग्या आल्या म्हणाल, तर तसं नाही. बधिरही नाही, बधिर पाय जड तरी लागतो. घोट्याखाली काही नव्हतंच. वाकून बघितलं, पाय होता, चप्पलही होती. चिमटा काढला. दुसऱ्याच्या अंगाला काढल्यासारखा.

भाभी घाईत होत्या, मी तशीच गाडी पुढं काढली. पामबीच रोडचे सिग्नल, बेलापूरचं वळण, खाडीवरचा पूल... कुठं एक हिसका नाही. डावा पाय पडून राहिला, गाडी पाण्यासारखी चालली. पुलावर आरशात बघितलं तर भाभींचे हात मांडीवर होते.

उलव्याला पोचलो. चावी काढली तसा पाय परत आला, सगळा, एकदम. भाभी उतरल्या, खिडकीशी वाकल्या.

"गाडी दुरुस्त केलीत, बरं झालं. यांनी तुम्हाला खराब गाडी दिली म्हणून माझ्या जिवाला फार लागलं होतं, भाऊ."

आणि मी म्हणालो, "हो, केली दुरुस्त."

या गोष्टीतलं न कळणारं काय ते तुम्ही ठरवा. मला तरी हेच कळलेलं नाही, की ते 'हो' माझ्या तोंडातून कसं आलं.

परत येताना एकटा होतो. पाय जागेवर होता आणि गाडी नेरूळपर्यंत हिसके देत आली.

बहिणीला मुका मारच होता, भाभी रात्री परत आल्या. मी रात्रभर तळमळलो. सकाळी त्यांचं दार वाजवलं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं — लाथ, मोबाईल, कालचं खोटं. पायाचंही सांगितलं. मला वाटलं, दार लावून घेतील.  भाभी म्हणाल्या, "यांना ठाऊक होतं. घरी येऊन हसायचे. शेजारी बसूनही ड्रायव्हरचा डावा पाय क्लच दाबतो म्हणायचे." आणि पदर तोंडाला लावून त्या हसल्या. मग रडल्या. मी तिथंच उभा.

त्यानंतर त्यांना पुष्कळदा उलव्याला नेलं. भाभी गाडीत असल्या की पाय जातो. एकटा असलो की पाय असतो आणि हिसकेही असतात. पुतण्याचा टेम्पो चालवून बघितला, त्यात पाय एकदम ठीक. डॉक्टरांनी नस तपासली, कमरेचा फोटो काढला, काही निघालं नाही. ते म्हणाले मनाचं असेल. असेल. मग माझं मन मला विचारत का नाही?

हे इथं लिहिण्याचं कारण वेगळं आहे. भाभींची माफी दारात मागून झाली, पण मी बोललो होतो कंपाउंडात. आमच्या सोसायटीतले बरेच जण हे वाचतात. सेक्रेटरी वाचतात, भाजी घेणाऱ्या बायकाही वाचतात. तेव्हा सगळ्यांसमोर सांगतो. गाडीत दोष नव्हता. इस्माईलनं मला चांगलीच गाडी दिली होती.

पायाचं मात्र मला विचारू नका. मला माहीत नाही.