फिरणं आणि फेरणं

निवृत्त झाल्यावर मी जुन्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी आणि हत्यारांची पेटी बसवली आणि सिहोऱ्याच्या मित्राला फोन केला, "आता गाडीतच राहतो गा. फिराले येऊन राहिलो तुझ्याकडे."

त्याने ऐकलं 'फेराले'. आमच्याकडे पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू काढून, फुटके बदलून पुन्हा रचतात, त्याला फेरणं म्हणतात. मी पोचलो तेव्हा शिडी भिंतीला टेकलेलीच होती. चहासुद्धा वहिनींनी वर पाठवला. पाहुणचार म्हणजे पाहुणचार!

"फिराले म्हटलं होतं मी!" छपरावरून मी ओरडलो.

"मंग फिर ना. अख्खं छप्पर तुलेच हाये."

छप्पर झालं. मग मोरीचा नळ निघाला, मग न लागणारी कडी. असे मित्र असले की माणसाला कंटाळा म्हणून येत नाही.

निघताना मी त्याला व्हॅनचं गळकं छत दाखवलं आणि म्हटलं, "जरा शिडी धर. एवढं बुजवून घेतो."

त्याने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याले चांगला मिस्त्री पाह्य गा," तो काळजीने म्हणाला. "छताचं काम असं कोणाच्याही हाती देऊ नये."