हाडावरचे ओरखडे

सत्तरच्या दशकात मी नागपुरात पुरातत्त्व शिकत होते. समुद्रकाठच्या एका उत्खननातली हाडं साफ करायचं काम माझ्याकडे आलं होतं. पिशवी उलटली की आधी शिंपल्यांचा चुरा पडायचा.

एकदा बोटभर लांबीचं टोकदार हाड ब्रशने साफ करताना त्यावर बारीक तिरपे ओरखडे दिसले. ते माझ्याच ब्रशने पडले, असं वाटून मला रडू फुटलं. हजारो वर्षं टिकलेली वस्तू मी एका सकाळीत बिघडवली होती.

प्रयोगशाळेतले मदतनीस, काटोलकडचे वयस्कर काका, जवळ आले. "काहून रडून राहिली वं? सरले दाखव ना. लपवून काय होते?"

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी हाड खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली बराच वेळ पाहिलं.

"ओरखडा आजचा असता तर आतून पांढरट दिसला असता," ते म्हणाले. "हे हाडाइतकेच तपकिरी आहेत, आत मातीही बसलीय. आणि सगळे एकाच दिशेने गेलेत. कुणीतरी दगडावर घासून याला टोक काढलंय. टोकाची चकाकी बघ, ती वापरून आलेली आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी बिघडवलं म्हणत होते ते कुणीतरी मन लावून घडवलेलं हत्यार होतं.

"आता याचं चित्र काढ," सर म्हणाले, "एकही ओरखडा सोडू नकोस."

सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा आठवलं. आधी डबा संपवला आणि मग पेन्सिल हातात घेतली.