गुहेतला माझा कोपरा

ग्वाल्हेरबाहेरच्या टेकडीत एक गुहा आहे. माणसांच्या येण्याजाण्याने तिथल्या कोळ्या-किड्यांचं काय होतं, यावर मी पीएचडी करत होते. ओणवं होऊन बॅटरीच्या उजेडात जीव मोजायचे आणि उरलेल्या वेळात आलेल्या लोकांवर खेकसायचं, एवढंच काम. त्यातलं दुसरं मला जास्त चांगलं जमायचं. बाहेरचं अन्न सांडलं की बाहेरचे किडे येतात आणि आतल्यांच्या तोंडचा घास जातो, हे मी चिप्स खाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. "एक दाना भी नहीं गिरना चाहिए!" एकदा फोटो काढायला आलेल्या नव्या नवरीच्या शालूतून अक्षता पडल्या, तर नवरदेवाला गुडघ्यांवर बसवून मी त्या वेचायला लावल्या.

दुपारी मी अगदी आतल्या कोपऱ्यात डबा खायचे. तिथे माणसं येत नसत. आतल्या जिवांना त्रास नको म्हणून बॅटरीही बंद करायचे आणि अंधारात चाचपडत दहीभातावर आईचं मेतकूट भुरभुरायचे. शहरातल्या लष्कर भागापासून दर्पण कॉलनीपर्यंतच्या मराठी घरांत आईच्या मेतकुटाचा मोठा दबदबा. फक्त आमच्याकडे रिवाज असा, की ताजं बाहेरच्यांना आणि जुनं घरच्यांना.

एके दिवशी त्याच कोपऱ्यात मला बारके तांबूस किडे दिसले. बाकी गुहेत एकही नाही. जिथे माणूस पोचत नाही, नेमका तिथेच राहणारा जीव! मला कोळी ओळखता येत, किड्यांच्या बाबतीत आनंदीआनंदच होता. पण हर्षवायू झालेल्या माणसाला कोण थांबवणार? माझ्या गाईडनीही घाईघाईने विभागात माझं भाषण ठेवलं. बाबांनी कॉलनीतल्या तमाम काकू-मावश्यांना आमंत्रण दिलं.

किड्यांची बाटली मी आईला दाखवली. चष्मा लावून तिने ती बराच वेळ न्याहाळली, "छान आहे" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मला फार लागलं ते. पोटच्या पोरीने नवा जीव शोधावा आणि आईने कुकर लावावा!

भाषणाच्या दिवशी सकाळी मी साडीच्या निऱ्या घालत होते, तेव्हा तिने माझ्यापुढे मेतकुटाचा डबा उघडला. मेतकूट हलत होतं.

"दोन दिवस बोलू की नको करत होती मी," आई म्हणाली. "साऱ्या मराठी लोकांत माझ्या मेतकुटाचं नाव आहे गं. पण तू चार लोकांत उभी राहशील आणि तुझी फजिती होईल, ते मला बिलकुल नाही चालणार."

मी डब्याशेजारी बाटली धरली. तेच किडे. मला रडू यायला लागलं, निम्मं फजितीचं आणि निम्मं तिच्या मायेचं. मग एकदम लक्षात आलं.

"म्हणजे मी हे खात होते?"

"तब्येत तर सुधरली तुझी," ती म्हणाली.

विभागात मी खरं ते सांगून टाकलं. नवा जीव वगैरे काही नाही. गुहेत जिथे कोणीच पोचलं नव्हतं, तिथे बाहेरचे किडे मी पोचवले, माझ्या डब्यातून. मेतकुटाचं नाव मात्र मी गिळून टाकलं. काकू-मावश्या पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. गाईडनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, "डिब्बे में था क्या?"

खोटं बोलावं की काय, असं झालं मला. मी ग्लासभर पाणी संपवलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आई उठली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मेतकूट था। मेरे हाथ का।"

काकूंच्या माना गर्रकन वळल्या. त्यांच्याकडे बघत ती पुढे म्हणाली, "लेकिन पिछले साल का।"