काठी उचलली तेव्हा

ओल्या लोकरीचा उग्र वास आला की मला दारव्ह्याजवळचं आमचं लोकर धुण्याचं केंद्र आठवतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मिळालेली ती माझी पहिली नोकरी. त्या दुपारी एक म्हातारे धनगर हंगामाची सगळी कातरलेली लोकर पोत्यांत भरून घेऊन आले होते. पहिली टोपली बिघडली तर पोती परत नेणार, असं त्यांनी बजावलं होतं, आणि ते परत गेले असते तर दुसरं कोणी फिरकलं नसतं. मी कोमट पाण्याच्या टाकीत टोपली सोडून अल्ट्रासोनिक यंत्र सुरू केलं. त्याच्या ध्वनिलहरींनी लोकरीतला मळ आणि मेण सुटायला हवं होतं. यंत्र बारीक गुणगुणत होतं, पण पाणी होतं तसंच राहिलं. "तुही मशीन नुसती गाऊनच राह्यली का वं बाई?" त्यांनी विचारलं. आई उकळत्या पाण्यात कपडे ढवळायची, तशी मी घाईने काठी उचलली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ढवळू नको. कोमट पाण्यात ढवळली का लोकरीचा घट्ट गोळा होतो, मंग तिचं घोंगडं नाही होत, दगड होतो. थांब जराशी." आम्ही दोघं टाकीवर वाकून उभे राहिलो. हळूहळू टोपलीखालून चहाच्या रंगाचं पाणी पसरू लागलं. लोकर बाहेर काढली तेव्हा तिचा तंतू न् तंतू मोकळा होता. लोकर ढवळावी लागू नये म्हणूनच हे यंत्र असतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. आज मी नव्या मुलींना ते शिकवते, आणि त्यांच्यापैकी कोणाचा हात काठीकडे गेला, तर न रागावता धरते.